धावपट्टी उघडायची कोणी?



१९ डिसेंबर २०१८, बुधवार. रात्रीचे नऊ वाजत आले होते. लंडनच्या दक्षिणेला असलेल्या गॅटविक विमानतळावरचा एक सुरक्षा कर्मचारी ड्युटी संपवून आवारातल्याच बसथांब्यावर उभा होता. घरी जायची बस यायची होती. तेवढ्यात त्याला दोन ड्रोन दिसले. एक आवारातल्या एका वाहनाच्या वर थबकलेला, दुसरा कुंपणाच्या कडेकडेने चाललेला. त्याने नियंत्रण कक्षाला फोन केला. नऊ वाजून तीन मिनिटांनी धावपट्टी बंद झाली. गॅटविकला एका वेळी एकच धावपट्टी वापरतात, त्यामुळे विमानतळच बंद झाला. पहाटे तीनच्या सुमारास धावपट्टी उघडली, पाऊण तासात पुन्हा मिटली, आणि खऱ्या अर्थाने सुरू झाली ती शुक्रवारी सकाळी सहाच्या आसपास. त्याही संध्याकाळी आणखी एकदा तासाभराचा खोळंबा झालाच. नाताळच्या तोंडावर हजारेक उड्डाणं रद्द झाली किंवा दुसरीकडे वळवावी लागली, सुमारे एक लाख चाळीस हजार प्रवाशांचे हाल झाले, लष्कर बोलवावं लागलं. एका ईझीजेट कंपनीलाच या प्रकरणात दीड कोटी पौंडांचा फटका बसला. आणि इतकं होऊनही त्या ड्रोनचा एक धड फोटो कोणी पुढे आणला नाही, एक तुटकं पातं सापडलं नाही, एकाही माणसावर आरोपपत्र दाखल झालं नाही.

उपद्रवी ड्रोनचा विषय निघाला की चर्चा लगेच एका प्रश्नाकडे धावते: तो पाडायचा कसा? गोळी घालायची, जाळं टाकायचं, लेझर वापरायचा, की त्याचा रेडिओ-संपर्क तोडायचा? प्रश्न चित्तवेधक आहे, साधनं विकणाऱ्यांच्या सोयीचाही आहे. मला मात्र वाटतं की आपण दुसरी पायरी आधी चढू बघतो आहोत. त्या रात्री धावपट्टी बंद करायला एका माणसाचा शब्द पुरला, आणि त्यात काहीही चूक नव्हती. विमानतळावर तसंच असायला हवं. पण ती उघडायला कोणाचा शब्द पुरेल, आणि तो शब्द कशाच्या आधारावर द्यायचा, याचं उत्तर त्या रात्री कोणापाशी नव्हतं. 'ड्रोन आहे' असं म्हणायला दोन डोळे लागतात. 'ड्रोन नाही' असं म्हणायला यंत्र लागतं, नोंद लागते आणि त्या नोंदीखाली सही करायला तयार असलेला माणूस लागतो. गॅटविकचे ३३ तास गेले ते या दुसऱ्या वाक्यापायी. ड्रोन पाडता आला नाही हे खरं, पण पाडण्याइतका तो कुठे आहे हेच कोणाला सांगता येत नव्हतं. म्हणून माझं म्हणणं असं की विमानतळांवरच्या ड्रोनचा प्रश्न आधी पुराव्याचा आहे, मग शस्त्राचा. आणि पुराव्याची व्यवस्था न लावता केलेला शस्त्रांचा खर्च बराचसा वाया जाणार आहे.

माणसाच्या डोळ्याचं गणित एकदा मांडून बघू. छंदाखातर उडवले जाणारे जे मध्यम आकाराचे ड्रोन बाजारात मिळतात, त्यांचा कर्ण साधारण ३५ सेंटिमीटर असतो. एक किलोमीटरवरून तो बघणं म्हणजे दहा मीटरवर ठेवलेला ज्वारीचा दाणा बघणं. स्वच्छ उजेडात, कुठे बघायचं ते नेमकं ठाऊक असेल, तर निरोगी डोळ्याला तो जेमतेम ठिपक्यासारखा दिसेल. डोळ्याची कुवत तिथेच संपते. रात्री तर आकार नाहीच, दिसतो फक्त दिवा. आणि अंधारातला सुटा दिवा किती लांब आहे हे सांगायला डोळ्यापाशी काहीच साधन नसतं. जवळचा मंद दिवा आणि लांबचा प्रखर दिवा सारखेच दिसतात. अंतर कळत नाही म्हणून आकार कळत नाही, आकार कळत नाही म्हणून वेग कळत नाही. त्यात आणखी एक गंमत आहे. उतरायला येणारं विमान आपल्या दिशेने सरळ येत असेल, तर त्याचा दिवा आकाशात एका जागी खिळल्यासारखा दिसतो, बराच वेळ हलतच नाही. मग विमान किंचित वळतं आणि दिवा एकदम बाजूला सरकतो. थबकणं आणि झटक्यात सरकणं, ही तर लोकांच्या मनातली ड्रोनची ओळखच. हे सगळं विमानतळाच्या परिसरात घडतं, जिथे असे दिवे रात्रभर येत-जात असतात.

आता गॅटविकच्या साक्षींकडे बघा. सप्टेंबर २०१९ मध्ये ससेक्स पोलिसांनी तपास बंद केला तेव्हा १२९ वेगवेगळ्या दर्शनांची नोंद होती, त्यांतली १०९ विश्वासार्ह साक्षीदारांची. घरोघरी १,२०० ठिकाणी चौकशी झाली होती, २२२ जबाब घेतले होते, ९६ जणांवर संशय घेऊन तो दूर झाला होता, आणि तपासावर ७ लाख ९० हजार पौंड खर्च झाले होते. या आकड्यांपुढे कोणीही म्हणेल: १०९ विश्वासू माणसं चुकतील कशी? आक्षेप वजनदार आहे. वैमानिक, पोलीस, विमानतळाचे कर्मचारी त्यांत होते. पण 'विश्वासार्ह' हे विशेषण इथे माणसाला लागलं आहे, दृश्याला नव्हे. पोलीस शिपाई खोटं बोलणार नाही, हे मान्य. त्याची बुबुळं मात्र इतरांच्यासारखीच असतात. शिवाय या १०९ साक्षी एकमेकींपासून स्वतंत्र नव्हत्या. पहिल्या तासानंतर गॅटविकच्या आवारात उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला आकाशात काय शोधायचं ते ठाऊक झालेलं होतं. पोलिसांनी ड्रोनचा शोध घ्यायला स्वतःचा ड्रोन उडवला होता, आणि काही लोकांनी पाहिलेला ड्रोन कदाचित तोच असावा, असं पुढे त्यांच्याच प्रमुखांना सांगावं लागलं. मुळात ड्रोन नव्हताच अशीही शक्यता आहे, असं एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या तोंडून गेलं, ते नंतर सावरून घेतलं गेलं. त्या दिवसांत एक गोष्ट वारंवार सांगितली गेली: धावपट्टी उघडायची तयारी झाली की नेमका ड्रोन पुन्हा हजर होतो. यावरून उडवणारा आतल्या बातम्या असलेला, मुरलेला माणूस असणार असा तर्क झाला. तो खरा असेलही. पण याच गोष्टीचं दुसरं, साधं स्पष्टीकरण आहे. धावपट्टी उघडायची वेळ जवळ आली की सगळ्या नजरा आकाशाला लागतात, आणि सगळ्या नजरा आकाशाला लागल्या की काहीतरी दिसतंच.

मराठी श्रोत्यांना हा अनुभव परका नसावा. २१ सप्टेंबर १९९५ चा दिवस इथल्या अनेकांना आठवत असेल. सकाळी दिल्लीत गणपती दूध पितो अशी वार्ता उठली आणि दुपारपर्यंत ती मुंबईच्या रांगांपासून लंडनच्या देवळांपर्यंत पोचली. त्या दिवशी चमचा धरून उभी असलेली माणसं खोटं बोलत नव्हती. चमच्यातलं दूध खरोखरच कमी होत होतं. पृष्ठताणामुळे ते मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली ओघळत होतं. पाहिलं ते खरं, लावलेला अर्थ चुकीचा. अगदी अलीकडचं उदाहरण हवं असेल तर २०२४ च्या पावसाळ्यात बीडपासून पुणे जिल्ह्यातल्या शिरूरपर्यंत गावोगाव रात्री ड्रोन घिरट्या घालतात, चोर आधी ड्रोनने टेहळणी करतात, अशी बोलवा उठली आणि माणसं काठ्या-टॉर्च घेऊन गच्चीवर जागत बसली. त्याच वर्षअखेरीला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात तेच झालं, फक्त काठ्यांऐवजी मोबाइल होते. एफबीआयकडे पाच हजारांहून जास्त तक्रारी गेल्या, त्यांतल्या पुढे तपासण्याजोग्या निघाल्या शंभराच्या आसपास. बाकीच्यांत नेहमीची विमानं होती, हेलिकॉप्टरं होती, कायदेशीर ड्रोन होते, चक्क तारेही होते. अडाणी-सुशिक्षित असा भेद इथे लागू पडत नाही. एप्रिल २०१६ मध्ये हीथ्रोला उतरणाऱ्या एका एअरबसवर ड्रोन आदळल्याची तक्रार खुद्द वैमानिकाने केली होती. जगभर बातमी झाली. काही दिवसांनी ब्रिटनच्या मंत्र्यांनीच संसदेत सांगितलं की ती प्लास्टिकची पिशवीही असू शकेल.

एवढं ऐकल्यावर कोणी म्हणेल, म्हणजे तुमच्या मते ड्रोनची भीती हा सगळा मनाचा खेळ आहे. नाही, आणि इथे मला गैरसमज होऊ द्यायचा नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅनडात क्विबेक सिटीच्या विमानतळाकडे येणारं एक छोटं प्रवासी विमान ड्रोनला धडकलं. आत आठ माणसं होती. विमान सुखरूप उतरलं. त्याच्या तीनच आठवडे आधी न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडजवळ लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरच्या पात्यावर एक ड्रोन आपटला, आणि त्याचा मालक काही किलोमीटर दूर उभा होता. आपला ड्रोन परत का येत नाही हे त्याला कळेना. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाण्याचा मारा करणाऱ्या विमानाच्या पंखाला एका हौशी माणसाच्या ड्रोनने भोक पाडलं आणि ऐन आगीत ते विमान जमिनीवर बसून राहिलं. हा ड्रोन पाव किलोच्या आतबाहेरचा, खिशात मावेल असा. सारख्याच वजनाचा पक्षी आणि ड्रोन विमानावर आदळले तर ड्रोनची इजा जास्त होते, असा निष्कर्ष अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनासाठी झालेल्या चाचण्यांनी काढला आहे. पक्षी मांसाचा आणि पोकळ हाडांचा, तर ड्रोनमध्ये मोटारी आणि बॅटरीचा घट्ट गठ्ठा. तेव्हा धोका खरा आहे. पण या तिन्ही घटनांत एक साम्य लक्षात घ्या. तिन्ही वेळा ज्या ड्रोनने धडक दिली तो टाळता येईल इतक्या आधी कोणाला दिसलाच नव्हता. जो दिसला म्हणतात तो सापडत नाही आणि जो आदळतो तो वेळेत दिसलेला नसतो, तर मग दिसण्यावर सगळा भार टाकलेली व्यवस्था दोन्ही बाजूंनी फसते. खोट्या हाकेने विमानतळ बंद पाडते आणि खऱ्या ड्रोनला मोकळं सोडते. धोका खरा आहे म्हणूनच पुरावा हवा. नुसता भास असता तर दुर्लक्ष करून भागलं असतं.

विमानतळाचं रडार काय करतं मग? ते हे काम करायला बनवलेलंच नाही. मोठी, वेगवान, धातूची विमानं त्याने दाखवायची आणि पक्षी, पाऊस, रस्त्यावरच्या गाड्या असला कचरा गाळून टाकायचा, अशी त्याची रचना. प्लास्टिकचा, हळू चालणारा, पक्ष्याएवढाच प्रतिध्वनी देणारा ड्रोन त्या चाळणीतून कचऱ्याबरोबर निघून जातो. म्हणून वेगळी साधनं लागतात. ड्रोन आणि त्याचा रिमोट यांच्यातला रेडिओ-संवाद ऐकणारे अँटेना, लहान वस्तूंसाठी खास रडार, त्या रडारने दाखवलेल्या दिशेला वळणारा दिवसाचा आणि उष्णतेचा कॅमेरा. यांतलं एकही साधन एकट्याने पुरत नाही. आधीच मार्ग भरून सोडलेला ड्रोन रिमोटशी बोलतच नाही, मग अँटेना काय ऐकणार? रडारला घार आणि ड्रोन यांतला फरक सांगताना अडचण येते. कॅमेऱ्याला धुकं आडवं येतं. पण तिन्हींच्या नोंदी एकाच घड्याळावर एकत्र ठेवल्या की साक्षीदाराच्या फोनला काहीतरी ताडून बघण्याची जागा मिळते. हे सारं बोलणं रुक्ष आहे याची मला जाणीव आहे. ड्रोनवर झडप घालणाऱ्या गरुडाची गोष्ट जास्त रंगते. नेदरलँड्सच्या पोलिसांनी २०१६ मध्ये खरोखरच गरुड तयार केले होते. सराव सोडून प्रत्यक्ष कामाच्या वेळी ते ऐकतीलच याची खात्री नाही असं दिसल्यावर २०१७ च्या अखेरीस तो प्रयोग गुंडाळला. गरुडालाही शेवटी ड्रोन कुठे आहे ते आधी दिसावं लागतंच.

पाडण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं उत्तर असं असतं की शोधण्याची साधनं सुधारतीलच, तोवर पाडण्याचे अधिकार तरी देऊन ठेवा. जर्मनीने त्या दिशेने पाऊल टाकलं आहे. ऑक्टोबर २०२५ च्या सुरुवातीला म्युनिक विमानतळ लागोपाठ दोन रात्री ड्रोनच्या संशयावरून थांबवावा लागला, एका रात्री जवळजवळ तीन हजार प्रवासी अडकले, आणि त्यानंतर आठवड्याभरात पोलिसांना ड्रोन पाडण्याचे अधिकार देणाऱ्या विधेयकाला तिथल्या मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. अधिकार असावा, माझी हरकत नाही. पण विमानतळ ही कोणत्याही शस्त्रासाठी सर्वांत गैरसोयीची जागा आहे. वर मारलेली गोळी कुठेतरी खाली येते. तिथे इंधनाने भरलेली विमानं आणि टर्मिनलच्या काचा असतात. रेडिओ जॅमर लावला तर ज्या पट्ट्यात ड्रोन बोलतो त्याच पट्ट्यात विमानतळाचं वायफाय चालतं. उपग्रहावरून मिळणारी स्थितीची खूण दाबली तर ज्या विमानांना वाचवायचं त्यांचीच वाट हरवते. संपर्क तुटलेला ड्रोन काय करील हे त्याच्या मेंदूत आधी काय भरलंय त्यावर ठरतं: जागीच उतरेल, निघाला तिथे परत जाईल, नाहीतर भरकटत धावपट्टीवर येईल. यातला प्रत्येक निर्णय घ्यायला समोर काय आहे, कुठे आहे, किती उंचीवर आहे हे ठाऊक हवं. म्हणजे पुन्हा आपण पहिल्या पायरीवर.

कायद्याचंही तसंच. गॅटविकच्या वेळी ब्रिटनमध्ये विमानतळाच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत ड्रोन उडवायला बंदी होती. मार्च २०१९ मध्ये ती कक्षा सुमारे पाच किलोमीटरपर्यंत वाढवली. भारतात २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल पट्टे पाडले, नकाशा डिजिटल स्काय या संकेतस्थळावर ठेवला, नोंदणी आणि विशिष्ट क्रमांक सक्तीचे केले. हे सारं उपयोगी आहे, पण त्याचा उपयोग नेमका कोणता ते समजून घ्यायला हवं. दुष्ट हेतूने निघालेला माणूस नोंदणी करत नाही. नोंदणीमुळे कळतात ते निरुपद्रवी ड्रोन: लग्नाच्या शूटिंगचा, सर्व्हेवाल्याचा, फवारणीचा. त्यांना आकाशातून वजा करता आलं की उरलेल्याकडे नीट बघता येतं. कायद्याकडे वजाबाकीचं साधन म्हणून बघितलं तर तो कामाचा आहे, जरब म्हणून बघितलं तर अपुरा. आणि पुराव्यावाचून जरब बसवायला गेलं की काय होतं हेही गॅटविकने दाखवलं. २१ डिसेंबरच्या रात्री जवळच्याच क्रॉली गावातल्या एका नवरा-बायकोला अटक झाली. नवऱ्याला मॉडेल विमानांचा नाद होता, एवढंच त्याच्या विरोधात. तो त्या वेळी कामावर होता असं त्याचा मालक सांगत होता. छत्तीस तासांनी दोघांना आरोपाविना सोडलं, पण तोवर त्यांची नावं आणि फोटो वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येऊन गेले होते. २०२० मध्ये पोलिसांनी भरपाई आणि वकिली खर्च धरून सुमारे दोन लाख पौंड देऊन ते प्रकरण मिटवलं.

सर्वांत प्रामाणिक आक्षेप वैमानिकांच्या बाजूने येतो. ते म्हणतात, तुम्ही पुराव्याच्या गोष्टी करता, पण दीडशे माणसं घेऊन उतरतो आम्ही. शंका असेल तर बंदच ठेवा; उशिराने कोणी मरत नाही. या म्हणण्याला उत्तर द्यायला मला धुक्याकडे वळावं लागेल, कारण विमान वाहतुकीने हाच प्रश्न एकदा सोडवलेला आहे. धुक्यात धावपट्टी किती दिसते हे एके काळी माणूसच ठरवायचा. धावपट्टीजवळ उभा राहून कडेच्या दिव्यांपैकी किती दिसतात ते तो मोजायचा. तेव्हाही 'शंका असेल तर बंद' हाच नियम होता आणि तो चुकीचा नव्हता. पुढे धावपट्टीच्या कडेला यंत्रं बसली. ती हवेतून प्रकाशाचा झोत पाठवून किती पलीकडे पोचतो ते मोजतात आणि मीटरमध्ये आकडा देतात. साध्या प्रणालीवर उतरायला ५५० मीटर लागतात. दिल्लीसारख्या ठिकाणी उत्तम यंत्रणा, तयार विमान आणि प्रशिक्षित वैमानिक असतील तर ५० मीटरवरही उतरता येतं. जानेवारीत दिल्लीचा विमानतळ धुक्यात बंद होतो आणि उघडतो तो कोणाच्या धाडसावर नाही, आकड्यावर. आकडा खाली गेला की कोणी वाद घालत नाही, वर आला की कोणाला धीर गोळा करावा लागत नाही. धुक्याने आजवर ड्रोनपेक्षा किती तरी जास्त माणसं मारली आहेत, तरीही 'धुक्याची शंका आहे' म्हणून कोणी ३३ तास विमानतळ बंद ठेवत नाही. पक्ष्यांचंही तसंच, त्यांच्यासाठी माणसं नेमलेली असतात, नोंदवह्या असतात, इशारे असतात, आणि वाहतूक चालू राहते. शिवाय बंद ठेवणं म्हणजे सुरक्षित ठेवणं, हेही पूर्ण खरं नाही. आकाशात घिरट्या घालणाऱ्या प्रत्येक विमानाचं इंधन मोजकं असतं, वळवलेली विमानं आधीच भरलेल्या दुसऱ्या विमानतळांवर गर्दी करतात, आणि वैमानिकांची ड्युटीची मर्यादा संपत येते. शंकेपायी बंद केलेल्या धावपट्टीचा धोका नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या डोक्यावर सरकतो.

हे नुसतं तर्कट नाही याचा दाखला गॅटविकनेच दिला. १४ मे २०२३, रविवार. दुपारी पुन्हा एकदा ड्रोन दिसल्याची खबर आली, पुन्हा धावपट्टी बंद झाली. डझनभर विमानं वळवली गेली. पण या वेळी तास भरायच्या आत कामकाज सुरू झालं. तोच विमानतळ, तीच भीती, उलट आधीच्या नामुष्कीची आठवण ताजी. बदललं होतं ते एवढंच की २०१८ नंतर तिथे शोधण्याची साधनं बसली होती आणि तपासून झाल्यावर उघडायचं हे ठरलेलं होतं. ३३ तास आणि तासाभरापेक्षा कमी, या दोन आकड्यांतलं अंतर कुठल्या बंदुकीने कापलेलं नाही. युरोपात २०२५ च्या सप्टेंबरात कोपनहेगन जवळजवळ चार तास बंद राहिला, त्याच रात्री ऑस्लोही; पाठोपाठ इतर शहरांतून तक्रारींचा पूर आला. लिथुआनियातल्या विल्नियसच्या विमानतळावर तर बेलारूसकडून येणारे फुगे आडवे आले, त्यांना चोरट्या सिगारेटी बांधलेल्या. तिथे निदान पुरावा हातात तरी आला, खोक्यासकट. रशियाचं उदाहरण सर्वांत बोलकं आहे. युक्रेनचे ड्रोन तिथे खरोखर येतात, त्यामुळे मॉस्कोचे आणि इतर विमानतळ एका दिवसात कित्येकदा बंद होतात. ज्या योजनेखाली होतात तिला तिथे 'गालिचा' असं नाव आहे. पण बंद होतात तसेच काही तासांत उघडतातही, कारण हवाई संरक्षण दलाकडून आकाश मोकळं असल्याचा निरोप येतो. खऱ्या युद्धातला विमानतळ शांततेतल्या गॅटविकपेक्षा लवकर उघडतो, हे ऐकायला विचित्र वाटेल. तिथे निरोप देणारा कोणी आहे, एवढाच त्यातला भेद.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात; व्यवहारात एका वेळी एकच चालते. एका धावपट्टीवर जगात सर्वांत जास्त विमानं हाताळण्याचा मान मुंबईने घेतला तो गॅटविककडूनच. म्हणजे गॅटविकची जी दुखरी नस, तीच आपली, आणि आपली जास्त ताणलेली. कुंपणाला लागून दाट वस्ती, डिसेंबर-जानेवारीत पतंग, वर्षभर लग्नाचे ड्रोन. नवी मुंबईचा विमानतळ आल्याने भार थोडा वाटला जाईल, पण एकाला शंका आली तर दुसऱ्याने काय करायचं हा नवा प्रश्नही त्याबरोबर येतो. आपल्याकडे हे घडलंच नाही असंही नाही. १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळावर दुपारी आकाशात काहीतरी अनोळखी दिसलं. सुमारे तीन तास उड्डाणं थांबली, दोन विमानं वळवली, शोधायला हवाई दलाची राफेल विमानं धावली. हाती काही लागलं नाही. ताशी शेकडो किलोमीटर वेगाच्या लढाऊ विमानाने एखादी मंद, लहान वस्तू शोधणं म्हणजे एक्स्प्रेसच्या खिडकीतून रुळावर पडलेली टाचणी शोधणं, पण त्या क्षणी दुसरं साधन हाताशी नसेल तर तेच पाठवणार. केंद्र सरकारने २०१९ मध्येच उपद्रवी ड्रोनबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली होती, तेव्हा विषय सुचला नव्हता असं म्हणता येणार नाही. मला विचारायचं आहे ते अगदी बारीक. विमानतळाच्या आत सीआयएसएफ, कुंपणाबाहेर शहर पोलीस, आकाशात एअरपोर्ट्स अथॉरिटीचे नियंत्रक, त्याहून वर हवाई दल. बंद करायला यांच्यातला कोणीही पुरेसा. उघडण्याच्या कागदावर सही कोणाची? चौघांनी मिळून करायची असेल तर पहाटे चार वाजता ते चौघे कुठल्या खोलीत भेटतात?

यावर शेवटचा आक्षेप पैशांचा. लहान विमानतळांना ही रडारं आणि कॅमेरे परवडणार नाहीत, कोल्हापूर-नांदेडने काय करायचं? यंत्रं महाग आहेत हे खरं, पण पुराव्याचा पहिला भाग जवळजवळ फुकट आहे. ड्रोन दिसल्याचा फोन ज्या टेबलावर येतो तिथे एक छापील कागद ठेवावा. कोणत्या खांबाजवळ उभे आहात? कुठल्या दिशेला दिसतंय? क्षितिजाच्या किती वर, एक मूठ की दोन? दिवा स्थिर आहे की लुकलुकतो, रंग कोणता? आवाज येतो का? अजून दिसतंय का? हे विचारताना घड्याळातली वेळ लिहावी आणि त्याच मिनिटाला त्या दिशेला कुठलं विमान होतं ते नियंत्रकाकडून ताडून घ्यावं. मग कुंपणाच्या दुसऱ्या टोकाच्या चौकीवर फोन करून तिथल्या शिपायाला तीच दिशा न सांगता विचारावं, तुला काही दिसतं का, आणि कुठे. दोघांच्या दिशांच्या रेघा नकाशावर ओढल्या की त्या जिथे छेदतात तिथे ती वस्तू आहे. छेद कुंपणाच्या आत पडला तर धावपट्टी बंद ठेवायला कोणाची परवानगी लागू नये. वीस किलोमीटरवर पडला तर ते उतरायला येणारं विमान आहे. आणि रेघा छेदतच नसतील, तर दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी पाहिल्या आहेत. गॅटविकच्या बसथांब्यावरून आलेल्या त्या पहिल्या फोननंतर पाच मिनिटांत एवढं करता आलं असतं. त्याला लागली असती एक फूटपट्टी, एक पेन्सिल आणि कुंपणाच्या पलीकडल्या टोकाला जागा असलेला एक माणूस.